'हरताळ फासणे' मधली हरताळ नेमकी कोणती?

बोरूदौत

गेल्या महिन्यात गावाकडचं (वाईजवळ) जुनं घर आवरायला गेलो होतो. माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत लाल कापडाची सहा बासनं निघाली. आमच्या घराण्यात भिक्षुकी होती, त्यामुळे पोथ्या असणार हे ऐकून होतो, पण इतक्या जपून ठेवल्या असतील असं वाटलं नव्हतं. सुटी पानं, दोन्ही बाजूंना लाकडी पाट्या, बोरूनं लिहिलेलं टपोरं देवनागरी, दंड आणि मथळे लाल शाईत.

पानं चाळताना मधे मधे पिवळे ठिपके दिसले. कुठे एका अक्षरापुरते, कुठे अर्ध्या ओळीवर. पहिल्यांदा वाटलं पूजेच्या वेळची हळद सांडली. नीट पाहिलं तर त्या पिवळ्यावर पुन्हा काळ्या शाईनं अक्षरं लिहिलेली होती. हळद अशी मोजून अक्षरावरच कशी सांडेल?

गावातले एक काका जुन्या पोथ्या वाचतात. त्यांना दाखवल्यावर ते अगदी सहज म्हणाले, "लिहिणारा चुकलाय इथं. हरताळ लावलीय." मी म्हटलं, म्हणजे आपण 'नियमांना हरताळ फासला' म्हणतो ती? "तीच की. दुसरी कुठली असणार?"

इतकी वर्षं हा वाक्प्रचार वापरतोय, शाळेत 'वाक्यात उपयोग करा' मध्ये लिहिलाय, आणि त्यातली हरताळ म्हणजे एक खरीखुरी वस्तू असते, दगड असतो, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या मनात कायम संपाचा हरताळ होता. नियमांनी संप केला, नियम बंद पडले, असं काहीतरी.

पोथ्या लिहिताना चूक झाली की पान फाडून टाकणं परवडत नसे. कागद हातचा, महाग. मग हरताळीची बारीक पूड खलून, डिंकाच्या पाण्यात कालवून चुकीच्या अक्षरावर तिचा लेप द्यायचा. वाळला की त्यावर बरोबर अक्षर. पोथीचा कागदही कसर लागू नये म्हणून पुष्कळदा हरताळीनंच पिवळा केलेला असे, त्यामुळे दुरुस्ती चटकन डोळ्यांत भरत नाही. माझ्या पोथीचा कागद आता तपकिरी पडलाय, म्हणून ठिपके उठून दिसतात.

तुमच्याकडे अशा पोथ्या आहेत का? आणि या शब्दाबद्दल आणखी काही माहीत असेल तर जरूर लिहा.

उंबरठा

फार सुंदर धागा. मलाही आजवर संपच वाटत होता. पण मग संपाचा हरताळ कुठून आला? हा पिवळा दगड आणि बंद दुकानं यांचा काही संबंध?

पेठकर

@उंबरठा, काहीही संबंध नाही. दोन वेगळे शब्द आहेत, वेगळ्या वाटांनी येऊन एकाच रूपात बसलेत.

दगडाची हरताळ संस्कृत 'हरिताल' वरून. हरि, हरित म्हणजे पिवळा, पिवळसर हिरवा. ('हरित' म्हणजे फक्त हिरवा हा अर्थ आपण आता पक्का केलाय. संस्कृतात त्याची कक्षा पिवळ्यापर्यंत जाते.)

संपाचा हरताळ गुजरातीतून आला. तिकडे 'हडताळ'. हाट म्हणजे बाजार, दुकान. ताळुं म्हणजे कुलूप. दुकानाला कुलूप, तो हडताळ. हिंदीत आजही 'हड़ताल' असा ड टिकून आहे. मराठीत ड चा र झाला. माझा तर्क असा की हरताळ हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, म्हणून नवा शब्द त्याच्या साच्यात चटकन बसला.

व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवण्याची चाल जुनी आहे. पण देशभर हा शब्द तोंडी झाला तो ६ एप्रिल १९१९ मुळे. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी त्या दिवशी हरताळ पुकारला होता. (दिल्लीत तो आधीच, ३० मार्चला पाळला गेला.) तिथून शब्द इंग्रजीत गेला, आणि समुद्रापलीकडेही. मलायात १९४७ साली आणि श्रीलंकेत १९५३ साली मोठी आंदोलनं झाली, तीही 'हरताळ' या नावानंच ओळखली जातात.

दोन्ही ओळखायची खूण क्रियापदात आहे. संपाचा हरताळ पाळतात, पुकारतात. दगडाची हरताळ फासतात. संप फासता येत नाही. शेंदूर फासतात, राख फासतात, काळं फासतात. फासायला हाताला लागणारी वस्तूच लागते. मला वाटतं वाद मिटवायला हे एक क्रियापद पुरेसं आहे.

चांदणवेल

पेठकरजी, क्रियापदाचा मुद्दा एकदम पटला.

मग हरतालिका? आमच्याकडे आजी 'हरताळका' म्हणायची. वाळूची पिंडी करतो आपण, त्यात पिवळं काही नसतं.

पेठकर

तो तिसरा शब्द. परंपरेनं त्याची फोड 'हरिता' आणि 'आलि' अशी करतात. आलि म्हणजे सखी. वडिलांनी विष्णूशी लग्न ठरवलं म्हणून सखीनं पार्वतीला अरण्यात पळवून नेलं, तिथं तिनं वाळूचं लिंग करून व्रत केलं, ही कथा आपण भाद्रपद शुद्ध तृतीयेला ऐकतोच. हरण झालेली ती हरिता. दगडाशी नातं नाही.

पिंपळपान

नातं नाही हे खरं, पण पार्वतीची आणि हरताळीची गाठ कालिदासानं घालून दिलीय! कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीला नवरी म्हणून सजवतात. सगळा साजशृंगार झाल्यावर आई मेना येते आणि दोन बोटांवर ओली हरताळ आणि मनशीळ घेऊन लेकीचा चेहरा वर उचलते, तिला टिळा लावायला. श्लोकाची सुरुवात अशी आहे:

अथाङ्गुलिभ्यां हरितालमार्द्रं माङ्गल्यमादाय मनःशिलां च

'माङ्गल्यम्' हा शब्द बघा. पिवळी हरताळ आणि तांबडी मनशीळ हे आपल्या हळदीकुंकवासारखंच मंगल मानलेलं होतं. मी कॉलेजात हा सर्ग शिकवते. दर वर्षी मुलींना विचारते, हरिताल म्हणजे काय? वर्गातून एकच उत्तर येतं, संप. यापुढे बोरूदौत यांच्या पोथीची गोष्ट सांगेन. परवानगी असावी.

बोरूदौत

ताई, परवानगी कसली, आनंदच आहे. ठिपक्यांचे फोटो पाठवतो, वर्गात दाखवा.

रसशाळा

मी वैद्य आहे. आमच्याकडे हा शब्द रोजचा, म्हणून थोडं वस्तूबद्दल.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, आर्सेनिक ट्रायसल्फाइड. मनशीळ तिची सख्खी बहीण, तीही आर्सेनिक आणि गंधकाचीच, पण प्रमाण वेगळं आणि रंग तांबडा. खाणीत दोघी बऱ्याचदा एकाच दगडात सापडतात. तिसरा सोमल, म्हणजे पांढरं आर्सेनिक, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. हिंदीत त्याला संखिया म्हणतात. जुन्या मराठी बोलण्यात 'सोमल घातला' म्हणजे विष घातलं, इतका तो शब्द विषाशी जोडलेला आहे. संस्कृतात त्याचं एक नाव आखुपाषाण, म्हणजे उंदराचा दगड. अरबीत 'सम्म-उल-फार', म्हणजे उंदराचं विष. दोन्हीकडे उंदीर मारायलाच वापर.

हरताळीत दोन जाती. पत्र हरताळ अभ्रकासारखी पापुद्र्यापापुद्र्यांची, सोन्यासारखी चमकते. बाजारात तिला वर्की हरताळ म्हणतात. दुसरी पिंड हरताळ, पापुद्रे नसलेली, निस्तेज, हलकी समजली जाते. औषधाला घ्यायची तर पत्र हरताळच, आणि तीही कोहळ्याच्या रसात दोलायंत्रानं शोधन केल्यावर. म्हणजे कापडात पुरचुंडी बांधून भांड्यात अधांतरी लोंबकळत ठेवायची आणि रस उकळायचा. शुद्ध हरताळीची पूड अभ्रकाच्या दोन पत्र्यांत ठेवून तापवली की माणकासारखा लाल पदार्थ होतो, तो रसमाणिक्य. मी पहिल्यांदा तो रंग बदलताना पाहिला तेव्हा श्वास रोखून उभा होतो. आजही तेवढाच आनंद होतो.

पण कळकळीनं सांगतो, हा सगळा प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालचा प्रांत आहे. हे वाचून कोणी हरताळ आणून घरी काही करू नका.

उंबरठा

डॉक्टर, २०२० मध्ये आमच्या सोसायटीत आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या घरोघरी वाटल्या होत्या. तो सोमलच का?

रसशाळा

नाव त्याचंच. 'अल्बम' म्हणजे लॅटिनमध्ये पांढरं, म्हणून पांढरं आर्सेनिक, म्हणजेच सोमल. त्या ३० पोटेन्सीच्या गोळ्यांत मूळ पदार्थ इतक्या वेळा पातळ केलेला असतो की त्याचा कण उरायची शक्यता जवळपास नसते. तो विषय इथं वाढवत नाही, धागा शब्दाचा आहे.

गावठाण

मला एक शंका आहे. हरताळ आणि चुना कालवून केस काढायचा लेप करत असत, कातडी कमावणारेही केस झडवायला हेच वापरत. मग 'हरताळ फासणे' तिथून आला नसेल कशावरून? लेप फासला की सगळं सफाचट. पोथीत तर चूक दुरुस्त करतात, ती चांगली गोष्ट झाली. आपण हा वाक्प्रचार चांगल्या गोष्टीचा नाश केला की वापरतो. अर्थ उलटा कसा झाला?

बोरूदौत

गावठाण, प्रश्न अगदी रास्त आहे. दोन दिवस हाच विचार करत होतो.

केसांच्या लेपाची वहिवाट होती हे खरं. पण आपण हरताळ कशाला फासतो ते आठवून बघा. नियमाला, वचनाला, आश्वासनाला, ठरावाला, करारातल्या अटीला, घटनेच्या तत्त्वाला. बहुतेक सगळ्या लिहून ठेवायच्या गोष्टी. 'त्याच्या तब्येतीला हरताळ फासला' किंवा 'शेताला हरताळ फासला' असं कोणी म्हणत नाही. शब्द अजूनही कागदाला चिकटून आहे.

हिंदीतही 'हरताल फेरना' आहे, अर्थ तोच, केलेलं नाहीसं करणं. फेरणं म्हणजे कुंचल्याचा हात फिरवणं.

आता अर्थाची गोष्ट. मला वाटतं लिहिणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ती दुरुस्ती आहे, पण वाचणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर तिथं काहीतरी लिहिलेलं होतं आणि आता नाही. मराठीनं दुसरी बाजू उचलली. 'बोळा फिरवणे' बघा. पाटीवरचं चुकलेलं गणित पुसायलाच बोळा असतो, तरी 'सगळ्या मेहनतीवर बोळा फिरवला' म्हणताना आपण पुसलं गेलं त्याचंच दुःख करतो. बोळा आणि हरताळ एकाच घरातले शब्द आहेत, एक पाटीचा, एक पोथीचा.

शिवाय 'फासणे' मध्ये थोडी हेटाळणी आहेच. काका 'हरताळ लावली' म्हणाले, फासली नाही म्हणाले. लावतात ती काळजीनं, अक्षरापुरती. फासतात ती कशीही, ओळीच्या ओळी झाकून. चांगलं लिहिलेलं असं झाकलं की त्याला फासणं म्हणायचं.

गावठाण

लावणे आणि फासणे! पटलं. बोळ्याचं उदाहरण तर कायम लक्षात राहील.

दूरदेशी

मी तैवानमध्ये राहते, चिनी भाषा शिकवते. हा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण नेमकी हीच गोष्ट इथं आहे.

चिनीत हरताळीला 'त्स-हुआंग' म्हणतात, शब्दशः मादी-पिवळं. मनशीळ ती 'श्योंग-हुआंग', नर-पिवळं. जुन्या चीनमध्येही कसर लागू नये म्हणून कागद पिवळा रंगवत, फक्त तिथं एका झाडाची साल वापरत. आणि लिहिताना चूक झाली की त्या पिवळ्या कागदावर हरताळच लावत. अकराव्या शतकातला विद्वान शन ग्वो यानं सगळे उपाय तपासून लिहून ठेवलंय. खरवडलं तर पान खराब होतं, वर कागद चिकटवला तर तो सुटून येतो, पांढरा रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, हरताळ मात्र एका हातात झाकते आणि टिकते.

यावरून चिनीतही वाक्प्रचार आहे, 'शिन खौ त्स-हुआंग'. तोंडाला येईल तसं बेजबाबदार बोलणं. त्यामागे वांग यान नावाच्या एका दरबाऱ्याची गोष्ट सांगतात. चर्चेत स्वतःचं म्हणणं चुकलं की तो जागच्या जागी ते बदलून टाकी. लोक म्हणत, याच्या तोंडातच हरताळ आहे.

एकच दगड, एकच वापर, आणि दोन्ही भाषांनी त्यातून दूषण देणारा वाक्प्रचार घडवला. मी परवाच वर्गात हा चिनी वाक्प्रचार शिकवला आणि मराठीत असं काही नाही म्हणून मनात हळहळले होते. होतं की! माझ्याच तोंडात होतं.

पिंपळपान

दूरदेशी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नर आणि मादी पिवळं! 'आर्सेनिक' या शब्दातही नर लपलाय ना? ग्रीकमध्ये 'अर्सेनिकोस' म्हणजे नराचा, पुरुषी. कोणी सविस्तर सांगेल का?

पेठकर

सांगतो, आणि इथंच या धाग्यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट येते.

ग्रीकांनी हरताळीला 'अर्सेनिकॉन' म्हटलं, पण तो शब्द त्यांचा नव्हता. पूर्वेकडून, इराणी भाषांतून सिरियाच्या बाजूनं तो त्यांच्याकडे गेला. फारसीत हरताळ म्हणजे आजही 'झरनीख'. झर म्हणजे सोनं. आपल्याकडचे जरतारी, जरीकाठ, जरीपटका या शब्दांतला 'जर' तोच. परका शब्द ग्रीक कानाला आपल्या 'नर' या शब्दासारखा लागला आणि ग्रीकांनी तो तसा वळवून घेतला. म्हणजे ग्रीकमधला नर नंतर चिकटलेला आहे, मुळात शब्द सोन्याचा.

लॅटिनमध्येही तेच, हरताळ म्हणजे 'औरिपिगमेंटम', सोन्याचा रंग. रोमन लेखक प्लिनी सांगतो की कॅलिगुला बादशहानं हरताळीतून सोनं काढायचा खटाटोप केला होता. सोनं निघालं, पण इतकं थोडं की तोटाच झाला.

आता गंमत बघा. संस्कृतात जिथं ह असतो तिथं जुन्या इराणीत पुष्कळदा झ दिसतो. अहम् तिकडे अझम्, हस्त तिकडे झस्त, हिरण्य तिकडे झरन्य. आपलं 'हरि' (पिवळा) तिकडे 'झरि'. म्हणजे हरितालातला 'हरि' आणि झरनीखातला 'झर' एकाच मुळाचे. हरताळ आणि आर्सेनिक हे शब्द चुलत भावंडं आहेत. एक आपल्या घरात राहिलं, दुसरं इराण, सिरिया, ग्रीस, रोम असं फिरून इंग्रजीच्या हाताला धरून परत आलं, आणि ओळख पटेना.

चांदणवेल

पेठकरजी, 🙏 वाचून दिवस सार्थकी लागला.

एक छोटी भर. संस्कृतात हरिताल हे एका पिवळट हिरव्या कबुतराचंही नाव आहे. आपली हरोळी किंवा हरियल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आमच्या अंगणातल्या उंबरावर येतात. पोटाकडचा पिवळा रंग बघितला की नाव का पडलं ते लगेच कळतं.

कागदवाला

हस्तलिखितांच्या जतनाचं काम करतो. उशिरा आलोय, पण बोरूदौत यांना काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली, थुंकी लावून पान उलटू नका. हरताळ पाण्यात फारशी विरघळत नाही हे खरं, पण ती आर्सेनिकच आहे, आणि जुना लेप पापुद्रे धरून झडतो. हातमोजे घाला, नंतर हात धुवा, लहान मुलांना पानं हाताळू देऊ नका.

दुसरी, पोथ्या उन्हात घालू नका. आपल्याकडे दमट वास जावा म्हणून पोथ्यांना ऊन दाखवायची पद्धत आहे, हेतू चांगलाच आहे. पण प्रकाशानं हरताळ हळूहळू फिकी पडते. फिकी पडते म्हणजे तिचं पांढरं आर्सेनिक होतं. वर वैद्यांनी सांगितलेला सोमल तो हाच, आणि तो पाण्यात हरताळीपेक्षा कितीतरी सहज उतरतो. म्हणून सावलीतली हवा द्या, ऊन नको. सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

तिसरी, ठिपके खरवडून खाली काय आहे ते बघू नका. सगळ्यांना मोह होतो. चूकसुद्धा त्या लिहिणाऱ्याचा हात आहे, ती झाकलेलीच राहू द्या. एखादा पापुद्रा आपसूक झडला असेल तर तेवढं वाचा.

पुण्यात भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवून त्यांची नोंद करून घेता आली तर फार बरं.

बोरूदौत

कागदवाला, तुमचे उपकार. मी पोथ्या गच्चीवर ऊन द्यायला नेणारच होतो. आजच नवं सुती कापड आणलं.

तुम्ही लिहिलंय तसा एक पापुद्रा आपसूक झडलेला सापडला. शेवटच्या पानावर. तिथं नेहमीचा श्लोक आहे, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', जसं पुस्तक समोर होतं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. त्याखाली तिथी: शके १७६२ शार्वरीनाम संवत्सरे चैत्र शुद्ध पंचमी. यातला २ चा आकडा आणि 'शार्वरी' हे दोन्ही पिवळ्यावर लिहिलेले आहेत.

पिवळं उडालंय तिथं भिंगातून बघितलं. खाली १ आहे, आणि पुढे 'विकारी' मधला 'वि' स्पष्ट दिसतो. पंचांगाशी ताडून पाहिलं. १७६१ चा संवत्सर विकारी, १७६२ चा शार्वरी. पाडवा होऊन चारच दिवस झाले होते, आणि त्यांचा हात सवयीनं जुनंच वर्ष लिहून गेला होता.